चौथा बाइट आणि सरांची वही

(भाषणाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ थोडे कमी केलेत, बाकी जसं बोलले तसं ठेवलंय.)

मागे थोडा गोंगाट ऐकू येईल, त्याबद्दल आधीच माफी मागते. आज गुरुवार आहे, आणि गुरुवारी आमच्या छावणीत बाजार भरतो. खिडकी लावली तर मी उकडून निघेन, उघडी ठेवली तर भाजीवाले तुमच्यापर्यंत पोचतील. मी उघडी ठेवलीय.

आजचा विषय ऐकून काही जण भाग बंद करतील याची मला कल्पना आहे. डेटाबेसचं एन्कोडिंग बदलणं. पण दहा मिनिटं थांबा. मी एक चूक केली होती. त्या चुकीमुळे आमच्या छावणीतल्या एका जुन्या वहीतला आचारी रातोरात आचार्य झाला, आणि तेवीस दिवस आमच्यापैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. ज्यांच्या लक्षात आलं, त्यांना ते आम्हाला सांगायची सोयच नव्हती. ती गोष्ट सांगायचीय.

नोंद कुठे तुटली

आम्ही सात-आठ जण मिळून एक छोटं ओपन सोर्स सॉफ्टवेअर चालवतो. जुन्या हस्तलिखित कागदांची सूची ठेवायचं. कागद कुणाचा, कुठल्या गावचा, साल काय, मजकूर काय, लिप्यंतर काय, एवढंच. पीएचपी आणि मायएसक्यूएल. काही मोठं प्रकरण नाही. मी नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी त्यात हात घालते.

हे सॉफ्टवेअर आमच्याकडे वापरणारे एक निवृत्त शिक्षक आहेत. मोडी वाचतात. नाव सांगू नको म्हणालेत, म्हणून आपण त्यांना नुसतं सर म्हणू. सर तेव्हा छावणीतल्या एका व्यापारी घराण्याची खातेवही उतरवून घेत होते. लष्कराला धान्य, चारा पुरवणारं घर. वही मोडीत. सर मोडी वाचायचे आणि देवनागरीत टाइप करायचे.

एके दिवशी त्यांना वाटलं, एखादा शब्द लागत नसेल तर तो मूळ मोडीतच टाइप करून ठेवावा, म्हणजे दुसऱ्या कुणाला वाचता येईल. कल्पना चांगलीच होती. त्यांनी नातवाकडून मोडी टाइप करायची सोय करून घेतली. देवनागरीत दीड ओळ, मग मोडीतला एक शब्द, मग पुन्हा देवनागरीत चार ओळी, असं लिहिलं आणि ‘जतन करा’ दाबलं. पान पुन्हा उघडलं तर फक्त पहिली दीड ओळ. मोडीतला शब्द गायब, आणि त्याच्या पुढच्या चार ओळीही गायब. कुठे एरर नाही, काही नाही. हिरवी पट्टी येऊन ‘नोंद जतन झाली’ असंही म्हणाली.

सरांनी तीनदा करून पाहिलं. मग मला फोन. म्हणाले, ‘अगं, तुमच्या त्या यंत्राला मोडीचं वावडं आहे का?’

शब्दशः तसंच होतं.

एक, दोन, तीन, चार

आता थोडं खोलात जाऊ. संगणकात अक्षर म्हणजे शेवटी एक क्रमांक. युनिकोडनं जगातल्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक दिलेत. तो क्रमांक साठवायची एक पद्धत म्हणजे यूटीएफ-८. या पद्धतीत सगळ्या अक्षरांना सारखी जागा लागत नाही. रोमन अक्षराला एक बाइट. उर्दूच्या अक्षराला दोन. देवनागरीला तीन. आणि मोडीला चार.

आमच्या छावणीसाठी हा हिशेब फार मजेशीर आहे. इथले जुने कागद काढलेत तर लष्कराचा व्यवहार इंग्रजीत. निजामाच्या राज्याचा कारभार आधी फारसीत, नंतर उर्दूत. आपल्या लोकांचे हिशेब मोडीत. आणि आजची आमची सूची देवनागरीत. ‘छावणी’ हा एकच शब्द घ्या. रोमनमध्ये दोन एच घालून लिहिला तर ८ अक्षरं, ८ बाइट. उर्दूत ६ अक्षरं, १२ बाइट. देवनागरीत काना आणि वेलांटी वेगळ्या मोजायच्या, म्हणजे ५ खुणा, १५ बाइट. मोडीतही ५ खुणा, पण २० बाइट. एकाच कागदावर एक, दोन, तीन, चार असे सगळे बाइट नांदू शकतात, असं हे गाव आहे.

मायएसक्यूएलमध्ये मात्र ‘यूटीएफ-८’ या नावानं जे मिळायचं, ते प्रत्येक अक्षराला जास्तीत जास्त तीनच बाइट द्यायचं. नाव पूर्ण, माल कमी. बरीच वर्षं कुणाला फरक पडला नाही, कारण रोजच्या वापरातली बहुतेक अक्षरं तीन बाइटांत बसतात. २०१० मध्ये ५.५.३ या आवृत्तीत त्यांनी खरं, चार बाइटांचं एन्कोडिंग आणलं. जुनं नाव अडकलेलं होतं, म्हणून नव्याला नाव दिलं ‘यूटीएफ-८ एमबी-४’. पुढे २०१८ मध्ये आवृत्ती ८ आली, तेव्हा कुठे ते आपोआप निवडलं जायला लागलं. त्याआधी उभी राहिलेली कितीतरी टेबलं आजही तीनवरच आहेत. आमचं त्यातलंच एक.

मग मजकूर तुटला का? आमच्या सर्व्हरवर कुणीतरी कधीतरी ‘कडक’ मोड बंद केला होता. तो चालू असता तर डेटाबेसनं सरळ एरर दिली असती. बंद होता, म्हणून डेटाबेस चार बाइटांच्या पहिल्या अक्षरापाशी थांबला, तिथून पुढचं सगळं टाकून दिलं, आणि एक वॉर्निंग अशा ठिकाणी लिहून ठेवली जिथे आम्ही कधी बघत नव्हतो.

हे फक्त मजकूर हरवण्यापुरतं नाही, बरं का. वर्डप्रेसची गोष्ट यासाठी माहीत असावी. एप्रिल २०१५ मध्ये वर्डप्रेस ४.२ आलं आणि सगळीकडे कौतुक झालं की आता इमोजी चालतात. टेबलं चार बाइटांवर नेली होती. प्रत्यक्षात त्यामागे सुरक्षेचं मोठं कारण होतं. मजकूर तपासून झाल्यावर डेटाबेसनं तो मधेच कापला, तर तपासलेला मजकूर आणि साठवलेला मजकूर एकच राहत नाही. त्या फटीतून कुणी पानात स्वतःचा कोड घुसवू शकतं. ४.२ च्या दोन दिवस आधी ४.१.२ ही तातडीची आवृत्ती निघाली, ती याच जातीच्या दोषासाठी. इमोजीच्या आडून ही दुरुस्ती कशी पुढे नेली, हे त्या प्रकल्पातल्या लोकांनीच नंतर जाहीरपणे सांगितलंय.

बहुतेक इमोजीही चार बाइटांचे आणि मोडीही चार बाइटांची. मोडी युनिकोडमध्ये आली २०१४ मध्ये, आवृत्ती ७ मध्ये. अंशुमन पांडे यांनी त्याचा प्रस्ताव २०११ मध्ये मांडला होता. पण जगभरची टेबलं रुंद झाली ती हसऱ्या चेहऱ्यांसाठी. मोडी त्या गाडीत मागे बसून आली. मला त्याचं वाईट वाटत नाही, आपल्याला गाडी मिळाली हे महत्त्वाचं. फक्त आमच्या गल्लीत ती गाडी आलीच नव्हती.

पॅच

मी म्हटलं, मी करते. एका ओळीचं काम आहे. टेबल बदला, एन्कोडिंग नवं द्या, झालं.

एका ओळीचं नसतं. जे कुणी हे करणार आहेत त्यांच्यासाठी पटकन सांगते, कारण मला हे कुणी एका जागी सांगितलं नव्हतं.

पहिलं, आत खरोखर काय साठवलंय ते बघा. कॉलमवर लिहिलेलं एन्कोडिंग आणि आतले बाइट यांचं पटेलच असं नाही. जुन्या टेबलांत कॉलम ‘लॅटिन-१’ असतो आणि आत यूटीएफ-८ चे बाइट कोंबलेले असतात. पडद्यावर दिसायला सगळं ठीक. बाइट उघडून बघा. देवनागरी असेल तर प्रत्येक अक्षर ‘ई-शून्य, ए-चार’ किंवा ‘ई-शून्य, ए-पाच’ या जोडीनंच सुरू होतं. कॉलम लॅटिन-१ आणि आत ही जोडी, असं दिसलं तर सरळ बदलू नका. आधी तो कॉलम नुसत्या बाइटांचा करा, मग चार बाइटांचा करा. नाहीतर डेटाबेस प्रत्येक बाइटला वेगळं अक्षर समजून दुसऱ्यांदा एन्कोड करतो आणि मजकुराची खिचडी होते.

दुसरं, इंडेक्स. जुन्या पद्धतीच्या टेबलात इंडेक्सला ७६७ बाइटांची मर्यादा असते. २५५ गुणिले ३ म्हणजे ७६५, बसतं. २५५ गुणिले ४ म्हणजे १०२०, बसत नाही. म्हणून जिथेतिथे १९१ हा विचित्र आकडा दिसतो. १९१ चोक ७६४. नव्या पद्धतीच्या टेबलात ही मर्यादा ३०७२ आहे, म्हणून शक्य असेल तर टेबलाची पद्धतच बदला, नावं कापू नका.

तिसरं, दाराची रुंदी. टेबल चार बाइटांचं केलं आणि सॉफ्टवेअर डेटाबेसशी जुन्याच एन्कोडिंगमध्ये बोलत राहिलं, तर चौथा बाइट दारातच अडतो. बॅकअप काढतानाही तेच. टेबल, कनेक्शन आणि बॅकअप, तिन्ही एकदम बदला.

आणि चौथं, कडक मोड चालू करा. एरर आलेली परवडते.

हे सगळं मी केलं. तीन शनिवार-रविवार गेले. पॅच पाठवला, दोघांनी तपासला, चाचण्या हिरव्या झाल्या, मर्ज झाला. सरांनी मोडीतला शब्द टाकला, तो राहिला. सर खूश, मी त्याहून खूश.

फक्त त्या पॅचमध्ये मी आणखी एक गोष्ट घातली होती.

आचारी आणि आचार्य

टेबलांत हात घातलाच आहे, तर साफसफाईही करू, असं मला वाटलं. वेगवेगळ्या ठिकाणांहून चिकटवलेल्या मजकुरात न दिसणारी अक्षरं येतात. शून्य रुंदीची जागा, शून्य रुंदीचे जोडक. त्यांच्यामुळे शोध बिघडतो. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. न दिसणारं जे काही सापडेल ते काढून टाका. इंटरनेटवर अशा स्क्रिप्टा पैशाला पासरी मिळतात. इंग्रजीसाठी त्या ठीक असतात.

आता ऐकणाऱ्यांपैकी जे मराठी टायपिंगशी झगडलेत, त्यांनी कपाळावर हात मारला असेल.

मराठीत एक अक्षर आहे, जे हिंदीत लागत नाही. दुसऱ्या, वऱ्हाड, कुऱ्हाड, गिऱ्हाईक यातला तो अर्धा ‘र’, पापणीसारखा. आपल्याकडे ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. एकात रफार डोक्यावर आहे, दुसऱ्यात ‘र’ य ला बाजूनं चिकटलाय. संगणकात हा अर्धा ‘र’ दोन प्रकारे लिहिला जातो. एक, ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलंत लावून. युनिकोडला हाच प्रकार पसंत आहे. दुसरा, साध्या ‘र’ला हलंत लावायचा आणि त्याच्यापुढे एक न दिसणारं जोडक ठेवायचं. जुनी टायपिंगची साधनं बरेचदा दुसरा प्रकार वापरतात. पडद्यावर आणि छापल्यावर दोन्ही हुबेहूब सारखे.

सरांचं साधन दुसऱ्या प्रकारातलं होतं. माझ्या स्क्रिप्टनं जोडक काढलं. उरला साधा ‘र’ आणि हलंत. त्याचा झाला रफार.

खातेवहीत दर महिन्याला एक ओळ होती, ‘आचाऱ्यास दिले’ आणि पुढे रक्कम. ती झाली ‘आचार्यास दिले’. स्वयंपाकी होता तो विद्वान झाला. चारा ‘आणणाऱ्या’ गाड्या ‘आणणार्या’ झाल्या. ‘वऱ्हाडातून आलेली सरकी’ होती, ती ‘वर्हाडातून’ आली.

चाचण्या हिरव्या होत्या, कारण त्या मी लिहिल्या होत्या. मला जे सुचलं तेवढंच त्यांत होतं. ज्या दोघांनी पॅच तपासला, त्यांतल्या एकाला मराठी येत नाही. दुसऱ्यानं कोड वाचला, मजकूर नाही. त्यांची चूक म्हणवत नाही. पॅच शेकडो ओळींचा होता आणि साफसफाईच्या ओळी त्यात अगदी शेवटी होत्या. मीच त्या तिथे लपवल्यासारख्या ठेवल्या होत्या.

तेविसाव्या दिवशी मी काही कामानं सरांकडे गेले. लोखंडी पुलापासून पाच मिनिटांवर घर. चहा झाला आणि सरांनी एक दोनशेपानी वही पुढे केली. त्यात शाईनं दोन रकाने. डावीकडे ‘असे हवे’, उजवीकडे ‘असे दिसते’. पाच पानं भरलेली. पहिल्या ओळीवर तारीख होती, पॅच चढवल्याच्या तिसऱ्या दिवसाची.

मी विचारलं, ‘सर, तुम्ही कळवलं का नाही?’

सर म्हणाले, ‘कळवायला गेलो होतो. त्यानं इंग्रजीत खातं उघडायला सांगितलं. ते नातवानं उघडून दिलं. मग त्यानं विचारलं, कुठली आवृत्ती, कुठला ब्राउझर, दोष पुन्हा घडवायच्या पायऱ्या लिहा. मी म्हटलं, मला काय माहीत कशानं घडतं ते. मला फक्त एवढं माहीत आहे की हा माणूस स्वयंपाकी होता.’

आणि मग म्हणाले, ‘वाटलं, तू येशीलच कधीतरी.’

काय वाचलं, काय गेलं

आम्ही बॅकअप चौदा दिवसांचे ठेवायचो. तेवीस दिवस झाले होते. म्हणजे पॅचच्या आधीचा एकही बॅकअप उरला नव्हता.

एकूण ४१२ नोंदी बिघडल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याचशा शब्दावरूनच दुरुस्त होण्यासारख्या होत्या. ‘दुसर्या’ असा मराठीत शब्दच नाही, म्हणजे तो ‘दुसऱ्या’च. ‘र’ला हलंत आणि पुढे ‘ह’ असेल तर बहुतेक वेळा तो अर्धा ‘र’च असतो, पण ‘अर्हता’सारखे शब्द निघतात, म्हणून तिथेही यादी करून डोळ्यांनी बघावं लागतं. आचाऱ्याचं तसं नाही. मोठ्या घरात स्वयंपाक्यालाही पैसे देतात आणि पूजा सांगणाऱ्या आचार्यांनाही देतात. ‘आचार्यास दिले’ ही ओळ दोन्ही अर्थांनी बरोबर आहे. ते यंत्राला ठरवता येत नाही. मूळ पान बघावं लागतं.

मूळ वही तोवर गेली होती. त्या घरच्यांनी ती परत नेली, घर विकलं आणि ते गाव सोडून गेले. निम्म्या पानांचे फोटो आमच्याकडे होते. सर आणि त्यांच्याकडे मोडी शिकायला येणारे दोन विद्यार्थी चार रविवार बसले. फोटो आणि सरांची आठवण, दोन्ही वापरलं. शेवटी ११ नोंदी राहिल्या. त्यांच्यापुढे आजही प्रश्नचिन्ह आहे. ते प्रश्नचिन्ह माझ्या नावावर आहे, असं मी धरते.

कुणी म्हणेल, शंभर वर्षांपूर्वीच्या स्वयंपाक्याचा पगार, एवढं काय त्यात? मराठवाड्यात राहणाऱ्यांना मी हे समजावून सांगायची गरज नाही. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामाच्या काळच्या कागदांत कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं. मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधायची धावपळ तेव्हा सगळ्यांनी पाहिली. त्या विषयावर तुमचं मत काहीही असो. पण जुन्या कागदातल्या एका शब्दावर आज जिवंत माणसांचं काही ठरू शकतं, हे आपण पाहिलंय. असा शब्द माझ्यासारख्या कुणीतरी ‘साफसफाई’ म्हणून बदलून टाकावा, ही कल्पनाच मला घाबरवते.

दार बदललं

मग आम्ही बसलो. एन्कोडिंग सुधारलं होतं, पण काम करायची पद्धत तीच होती. टेबलात चौथा बाइट मावत होता, सर मावत नव्हते.

एका मेंटेनरचं म्हणणं होतं की सरांना गिट शिकवू. मी हसले नाही, कारण सुरुवातीला माझंही तेच मत होतं. पण सरांना मोडी, उर्दू, थोडी फारसी येते. त्यांचे तास त्यात जायला हवेत. मोठ्या प्रकल्पांनी हे ओळखून वेगळी दारं केलीत. वर्डप्रेसचं मराठी भाषांतर ब्राउझरमध्ये बसून करता येतं, कोडला हातही लावावा लागत नाही, आणि मराठी जाणणारे संपादक ते तपासतात. विकिपीडियाच्या मागचं मीडियाविकी ट्रान्सलेटविकीवर भाषांतरित होतं. पण ही दारं बटणांवरच्या शब्दांसाठी आहेत. ‘साठवलेला मजकूरच बिघडलाय’ हे सांगायचं तर पुन्हा कोडच्या दारानं यावं लागतं. नेमकं तेच दार सरांसाठी बंद होतं.

आम्ही चार गोष्टी केल्या.

एक. सरांची वही चाचणीत घातली. एक साधी स्प्रेडशीट आहे. डावा रकाना ‘असे हवे’, उजवा रकाना ‘टीप’. ज्याला लिंक दिली आहे तो त्यात शब्द घालू शकतो. रोज रात्री चाचणी ती शीट वाचते, प्रत्येक शब्द साठवते, परत काढते आणि बाइट न् बाइट तपासते. शीटचं नाव ‘सरांची वही’. कोडमध्येही फाइलचं नाव तेच आहे. वऱ्हाड, दऱ्या, दर्या, आचारी, आचार्य, मोडीतले शब्द, उर्दूतले शब्द, दोन-चार इमोजी, सगळं त्यात आहे.

त्या वहीनं दुसऱ्याच आठवड्यात एक नवा प्रश्न काढला. ‘ॲप’ मधला ‘ॲ’ एक स्वतंत्र अक्षर म्हणून लिहिता येतो, किंवा ‘अ’वर चंद्र देऊन दोन खुणांनी. दिसायला सारखेच, पण संगणकाला वेगळे, आणि युनिकोडचे नेहमीचे नियमही त्यांना एक करत नाहीत. स्वतंत्र ‘ॲ’ युनिकोडमध्ये आला २००८ मध्ये, त्यामुळे आधीचा मजकूर दुसऱ्या पद्धतीचा. ‘ॲडव्होकेट’ शोधलं की अर्धेच वकील सापडायचे. यावेळी मी साठवलेल्या मजकुराला हात लावला नाही. शोधताना दोन्ही एक समजायचे, ठेवायचं मात्र ज्यानं जसं लिहिलं तसं. हा आता आमचा नियम आहे.

दोन. एका पॅचमध्ये एकच गोष्ट. टेबलाची रचना बदलायची असेल तर फक्त रचना. मजकूर बदलणार असेल तर तो वेगळा पॅच, आणि त्याच्यासोबत ‘आधी-नंतर’ची यादी, कुणालाही वाचता येईल अशी. यादी बघितल्याशिवाय खरा बदल चालवायचा नाही. आणि तो चालवायच्या आधीचा बॅकअप कायमचा ठेवायचा, चौदा दिवसांच्या नियमातून वगळून.

तीन. साठवलेल्या मजकुराला हात लावणाऱ्या पॅचला दोन संमती लागतात. एक कोड वाचणाऱ्याची, एक मजकूर वाचणाऱ्याची. दुसरी संमती देणाऱ्याला कोड येण्याची गरज नाही. तो यादी बघून फोनवर ‘ठीक’ म्हणाला तरी पुरे. आमच्यापैकी कुणीतरी ते नोंदवतं.

चार. दोष मराठीत कळवा. बोलून कळवा. व्हॉट्सॲपवर बोललेलं पाठवा, पडद्याचा फोटो पाठवा. आमच्यातला एक जण आळीपाळीनं ते रीतसर लिहून घेतो. आवृत्ती आणि पायऱ्या शोधणं हे आमचं काम.

याची किंमत आहे, ती लपवत नाही. पॅच आता हळू जातात. एकानं वैतागून सांगितलं की दोन ओळींसाठी पाच दिवस थांबावं लागतं. त्याचं बरोबर आहे. म्हणून ज्या पॅचचा मजकुराशी संबंध नाही, त्यांना हे काही लागू नाही. पण मजकुराच्या बाबतीत पाच दिवस मला महाग वाटत नाहीत. चार रविवार आणि ११ प्रश्नचिन्हं त्याहून महाग पडली.

शेवटचं

दुरुस्तीचा पॅच मी पाठवला, त्यात सहलेखक म्हणून सरांचं नाव घालायचं ठरवलं. गिटमध्ये तशी एक ओळ लिहिता येते. सरांना विचारलं. म्हणाले, ‘मी तर एक ओळ कोड लिहिला नाही.’ मी म्हटलं, ‘चूक तुम्ही शोधली, दुरुस्ती तुम्ही केली. मी फक्त टाइप केलं.’

थोडा विचार करून म्हणाले, ‘मग नाव मोडीत घाल.’

घातलं. गिट कमिटचा संदेश मुळात यूटीएफ-८ मध्ये आहे असंच धरून चालतं, त्यामुळे आत जायला काही अडचण आली नाही. मी माझ्या लॅपटॉपवर इतिहास उघडला, तर सरांच्या नावाच्या जागी नुसते चौकोन. माझ्याकडेच मोडीचा फॉन्ट नव्हता. नोटो सान्स मोडी उतरवून घेतला, तेव्हा नाव दिसलं. ते मला वाचता येत नव्हतं. आता थोडं थोडं येतं, रविवारी जाते मी शिकायला.

तर मंडळी, तुमच्याकडे मराठी मजकुराचं जुनं टेबल असेल तर आज रात्री त्यात ‘वऱ्हाड’ लिहा, एक इमोजी टाका, त्यापुढे आणखी एक शब्द लिहा, जतन करा आणि परत उघडून बघा. शेवटचा शब्द आहे का बघा. आणि उद्या सकाळी, तुमचं सॉफ्टवेअर रोज वापरणाऱ्या पण कोड न लिहिणाऱ्या एखाद्या माणसाला विचारा, ‘काही चुकलेलं दिसलं तर तुम्ही मला कसं सांगाल?’ उत्तर येईपर्यंत थांबा.

बाजार उठायला आलाय, भाव उतरले असतील. मी पिशवी घेऊन निघते. पुढच्या भागात भेटू.